मतदानाची तारीख ठरते कशी? पाऊस, दिवाळी आणि सोंगणीचे गणित

खास प्रतिनिधी

जऊळका (जि. वाशिम) : निवडणुकीची तारीख दिल्लीत जाहीर होते, तिचा हिशेब मात्र गावात मांडला जातो. सोयाबीन सोंगून झालेले असेल काय, रस्ता वाळलेला असेल काय, दिवाळीला गावी आलेला मुलगा तोपर्यंत थांबेल काय, हे प्रश्न अकोला-पूर्णा लोहमार्गावरील जऊळक्यासारख्या गावात उमेदवाराच्या नावाइतकेच महत्त्वाचे असतात. मालेगाव तालुक्यातील हे गाव विधानसभेसाठी रिसोड मतदारसंघात आणि लोकसभेसाठी अकोला मतदारसंघात येते. येथील मतदाराने २०२४ या एकाच वर्षात २६ एप्रिलच्या उन्हात लोकसभेसाठी, तर २० नोव्हेंबरच्या थंडीत विधानसभेसाठी मत दिले. या दोन तारखा कोणी, कशाच्या आधारे ठरविल्या? पाऊस आणि सण यांना त्यात किती स्थान असते? आणि शेतीच्या हंगामाला किती?

कायद्याने आखलेली चौकट

राज्यघटनेच्या ३२४ व्या कलमान्वये लोकसभा व विधानसभा निवडणुकांचे नियंत्रण भारत निवडणूक आयोगाकडे आहे. तारीख ठरविण्याचा अधिकारही त्याचाच. तथापि, हा अधिकार अमर्याद नाही. १७२ व्या कलमानुसार विधानसभेची मुदत तिच्या पहिल्या बैठकीपासून पाच वर्षांची असते आणि ती संपताच सभागृह आपोआप विसर्जित होते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या १५ व्या कलमाप्रमाणे मुदत संपण्यापूर्वी सहा महिन्यांच्या आतच निवडणुकीची अधिसूचना काढता येते. म्हणजे आयोगाच्या हाती कागदोपत्री सहा महिन्यांचा काळ असतो.

त्यानंतरचे टप्पे त्याच कायद्याच्या ३० व्या कलमाने बांधलेले आहेत. अधिसूचनेनंतर सातव्या दिवशी अर्ज भरण्याची मुदत संपते. दुसऱ्या दिवशी छाननी होते. छाननीनंतरचा दुसरा दिवस हा अर्ज मागे घेण्याचा अखेरचा दिवस असतो आणि त्यानंतर किमान चौदाव्या दिवसापर्यंत मतदान घेता येत नाही. अर्ज भरण्याच्या किंवा मागे घेण्याच्या मुदतीचा अखेरचा दिवस सार्वजनिक सुटीचा आला, तर ती मुदत सुटी नसलेल्या पुढील दिवसावर जाते. ही शेवटची तरतूद वरवर किरकोळ वाटते. परंतु २०२४ मध्ये महाराष्ट्राची तारीख पुढे सरकण्यात तिचा वाटा होता.

२०२४ ची उलटी मोजणी

मागील विधानसभेची मुदत २६ नोव्हेंबर २०२४ रोजी संपत होती. १६ ऑगस्ट २०२४ रोजी तत्कालीन मुख्य निवडणूक आयुक्त राजीव कुमार यांनी जम्मू-काश्मीर व हरियाणाच्या निवडणुका जाहीर केल्या, तेव्हा महाराष्ट्राचे नाव त्यात नव्हते. २००९, २०१४ आणि २०१९ या तिन्ही वेळी महाराष्ट्र व हरियाणा यांचे मतदान एकाच दिवशी झाले होते. या वेळी ती जोडी का फुटली, याची कारणे त्यांनी सांगितली. जम्मू-काश्मीरसाठी लागणारा सुरक्षा दलांचा बंदोबस्त हे एक कारण होते. दुसरे, महाराष्ट्रातील जोरदार पावसामुळे मतदारयाद्यांचे रखडलेले काम. आणि तिसरे, गणेशोत्सव, पितृपक्ष, नवरात्र व दिवाळी अशी सणांची रांग. विरोधी पक्षांना हे पटले नाही. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे हप्ते त्याच सुमारास महिलांच्या खात्यांत जमा होऊ लागले होते आणि सरकारला वेळ मिळावा म्हणून हा विलंब होत असल्याचा आरोप त्यांनी केला. आचारसंहिता लागण्याचा दिवस हा सत्ताधाऱ्यांच्या घोषणांचा अखेरचा दिवस ठरत असल्याने प्रत्येक तारखेमागे असा संशय उभा राहतोच.

सप्टेंबरअखेर आयोग मुंबईत आला, तेव्हा राजकीय पक्षांनी दिवाळी, छठपूजा व देवदिवाळी हे सण विचारात घ्यावेत आणि मतदान आठवड्याच्या मध्यावर ठेवावे, असे सुचविले. दसरा १२ ऑक्टोबरला झाला आणि १५ ऑक्टोबरला कार्यक्रम जाहीर झाला. २२ ला अधिसूचना निघाली. सातव्या दिवशी, २९ ऑक्टोबरला, म्हणजे धनत्रयोदशीला अर्जांची मुदत संपली आणि ३० ला छाननी झाली.

येथून पंचांग कायद्यात शिरले. छाननीनंतरचा दुसरा दिवस १ नोव्हेंबर. त्या दिवशी लक्ष्मीपूजनाची सुटी. २ नोव्हेंबरला बलिप्रतिपदेची सुटी. ३ नोव्हेंबरला रविवार आणि भाऊबीज. त्यामुळे अर्ज मागे घेण्याचा दिवस थेट ४ नोव्हेंबरवर गेला. त्यात चौदा दिवस मिळवले की १८ नोव्हेंबर, सोमवार, हा मतदानासाठी शक्य असलेला पहिला दिवस येतो. परंतु सोमवारी मतदान ठेवले, तर शनिवार-रविवार जोडून शहरी मतदार गावाबाहेर पडतो, असा आयोगाचा अनुभव. म्हणून बुधवार, २० नोव्हेंबर ही तारीख ठरली. २३ ला मतमोजणी आणि २६ ला मुदत समाप्त. सहा महिन्यांच्या अवधीतून शेवटी शिल्लक राहिले ते अवघे तीन दिवस.

मुळात ऑक्टोबर आला कोठून?

महाराष्ट्राच्या विधानसभेची निवडणूक सदैव दिवाळीच्या तोंडावर होत असे, असे नाही. १९६२ पासून १९९५ पर्यंतच्या बहुतेक निवडणुका फेब्रुवारी-मार्चमध्ये झाल्या. खरिपाचा माल घरात आलेला, रब्बी काढणीला लागण्याच्या बेतात, रस्ते कोरडे आणि ऊन अद्याप सोसवेल इतके. ग्रामीण भागाला यापेक्षा सोयीचा काळ सापडणे कठीण. १९८० ची निवडणूक मात्र सरकार बरखास्त झाल्यानंतर ऐन उन्हाळ्याच्या अखेरीस झाली होती.

हा क्रम मोडला तो १९९९ मध्ये. तत्कालीन शिवसेना-भाजप युती सरकारने मुदतीपूर्वीच विधानसभा विसर्जित करून लोकसभेबरोबर निवडणूक घेण्याचा निर्णय घेतला. ५ व ११ सप्टेंबर अशा दोन टप्प्यांत राज्यात मतदान झाले. त्या दोन तारखांच्या मध्येच पोळा होता आणि दुसऱ्या टप्प्यानंतर दोनच दिवसांनी गणेशचतुर्थी. मतमोजणी ६ ऑक्टोबरला झाली. म्हणजे संपूर्ण गणेशोत्सव मतपेट्या बंद खोल्यांत राहिल्या. नवे सभागृह ऑक्टोबरमध्ये अस्तित्वात आले आणि तेव्हापासून पाच-पाच वर्षांचे चक्र त्याच ऋतूत अडकले.

पुढील तारखा पाहिल्या म्हणजे ही अडचण स्पष्ट होते. २००४ मध्ये १३ ऑक्टोबरला, पितृपक्ष संपता संपता मतदान झाले. २००९ मध्येही १३ ऑक्टोबरलाच. पण त्या वर्षी लक्ष्मीपूजन १७ ला असल्याने मतदान दिवाळीच्या चार दिवस आधी आणि मतमोजणी २२ ला, दिवाळी उरकल्यावर झाली. २०१४ मध्ये ३ ऑक्टोबरचा दसरा आणि २३ ची दिवाळी यांमध्ये १५ तारीख बसविण्यात आली. २०१९ मध्ये २१ ऑक्टोबरला मतदान झाले, २४ ला निकाल लागला आणि २७ ला लक्ष्मीपूजन होते. त्यानंतर सत्तास्थापनेचा पेच लांबला, नव्या सभागृहाची पहिली बैठक २७ नोव्हेंबर २०१९ रोजी झाली आणि केवळ त्यामुळे २०२४ चे मतदान नोव्हेंबरमध्ये नेण्याइतकी मोकळीक आयोगाला मिळाली.

पाऊस : केवळ मतदानाच्या दिवसाचा प्रश्न नव्हे

पावसामुळे मतदार घराबाहेर पडत नाही, एवढाच अर्थ सामान्यतः घेतला जातो. प्रत्यक्षात पावसाचा परिणाम त्याच्या दोन महिने आधीपासून सुरू होतो. मतदारयादीतील नावे पडताळणारे केंद्रस्तरीय अधिकारी म्हणजे बहुधा गावातलेच शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका. त्यांना घरोघरी फिरावे लागते. मतदान केंद्रे प्रामुख्याने जिल्हा परिषदेच्या शाळांत असतात. तेथील छपरे, वीज आणि शाळेपर्यंतचा रस्ता पाहावा लागतो. मतदानाच्या आदल्या दिवशी यंत्रे घेऊन निघालेले पथक काळ्या मातीच्या पाणंद रस्त्यावर अडकले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान सुरू होणे कठीण. अशा प्रसंगी मतदान स्थगित करण्याची तरतूद कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे. पण एक लाखाहून अधिक मतदान केंद्रे आणि सुमारे ९ कोटी ७० लाख मतदार असलेल्या राज्यात ती अपवादापुरतीच वापरता येते.

मोसमी पाऊस राज्यातून साधारणतः ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माघारी जातो. हवामान खात्याने २०२० मध्ये या तारखा सुधारल्या, तेव्हा मुंबईतून माघारीची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर धरण्यात आली. म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावरचे मतदान हे पावसाच्या शेपटावरच येते. २०१९ मध्ये त्याचा अनुभव आला. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार यांनी भर पावसात केलेले भाषण राज्याच्या लक्षात राहिले. तथापि, विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या लक्षात राहिला तो त्यानंतरचा पाऊस. ऑक्टोबरअखेर व नोव्हेंबरच्या प्रारंभी झालेल्या अवकाळी पावसाने सोंगून ठेवलेल्या सोयाबीनच्या सुड्या भिजल्या, दाण्यांना कोंब फुटले. त्या वेळी निवडणूक झाली होती, पण सरकार नव्हते. १२ नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागू झाली आणि १६ नोव्हेंबरला खरीप पिकांसाठी हेक्टरी ८ हजार रुपयांची मदत, दोन हेक्टरच्या मर्यादेत, राज्यपालांनी जाहीर केली.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. पीकनुकसानीचे पंचनामे करणारे तलाठी, ग्रामसेवक व कृषी सहायक हेच निवडणुकीच्या कामावरही असतात. आचारसंहितेच्या काळात आपत्तीग्रस्तांना मदत देण्यास बंदी नाही; परंतु नव्या निर्णयांना आयोगाची संमती लागते आणि मनुष्यबळ तर एकच. त्यामुळे काढणीच्या काळातील निवडणूक शेतकऱ्याला दोन्ही बाजूंनी महाग पडू शकते.

सणांसाठी तारखा बदलतात

एकदा जाहीर झालेली तारीख सणासाठी बदलल्याची उदाहरणे थोडी नाहीत. पंजाबमध्ये २०२२ साली गुरू रविदास जयंतीसाठी वाराणसीला जाणाऱ्या भाविकांचा विचार करून मतदान १४ फेब्रुवारीवरून २० वर नेण्यात आले. राजस्थानात २०२३ मध्ये देवउठनी एकादशीला लग्नांची दाट तिथी आल्याने २३ नोव्हेंबरऐवजी २५ तारीख ठरली. त्याच वर्षी मिझोराममध्ये रविवारची मतमोजणी सोमवारवर गेली. हरियाणात २०२४ मध्ये बिश्नोई समाजाच्या आसोज अमावास्येच्या मेळ्यामुळे मतदान १ ऑक्टोबरवरून ५ वर सरकले.

सण म्हणजे मतदार गावाबाहेर, हे यामागील गृहीतक. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात मात्र ते उलटे ठरते. पुण्या-मुंबईला कामाला गेलेला मजूर, कंपनीत कंत्राटी नोकरी करणारा तरुण आणि शिकायला बाहेर पडलेली मुले दिवाळीलाच गावी येतात. वाशिम जिल्ह्यातील बंजारा तांड्यांवर दिवाळीच्या रात्री मुली दिवे घेऊन ‘मेरा’ मागत घरोघरी फिरतात, तेव्हा तांडा भरलेला असतो. भाऊबीज झाली की एसटीला आणि रेल्वेला गर्दी होते आणि गाव पुन्हा रिते होते. २०२४ मध्ये भाऊबीज व मतदान यांत सतरा दिवसांचे अंतर होते. त्यातच राज्यातील ऊस गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून सुरू करण्याचे ठरले होते. मराठवाडा आणि त्यालगतच्या भागांतील तांड्या-वस्त्यांवरून कोयता घेऊन निघालेल्या कुटुंबाच्या हिशेबात २० नोव्हेंबरला परत येणे बसत नाही.

मतदानाच्या दिवशी पगारी सुटी देण्याचे बंधन कायद्याच्या १३५-ब कलमात आहे आणि ते रोजंदारीवरील कामगारालाही लागू होते. पण एका दिवसाच्या सुटीत पुण्याहून जऊळक्यास येऊन परत जाणे घडत नाही. स्थलांतरितांना कामाच्या ठिकाणाहून मत देता यावे, यासाठी आयोगाने तयार केलेल्या यंत्राचे प्रात्यक्षिक जानेवारी २०२३ मध्ये पक्षांना दाखविण्याचे योजले होते. मात्र बहुतेक विरोधी पक्षांच्या आक्षेपांमुळे ते पुढे सरकले नाही.

बिहारने २०२५ मध्ये वेगळा मार्ग दाखविला. छठपूजेला गावी आलेले मजूर परतण्यापूर्वीच मतदान घ्यावे, अशी मागणी तेथील पक्षांनी केली. छठ २८ ऑक्टोबरला संपली आणि ६ व ११ नोव्हेंबरला मतदान झाले. ते सुमारे ६७ टक्क्यांवर गेले. त्यामागे अन्यही कारणे असतील. परंतु सणापासून दूर न पळता सणाला लागून तारीख धरता येते, एवढे यातून दिसते. त्यासाठी अर्ज मागे घेण्यापर्यंतचे टप्पे सणापूर्वीच उरकावे लागतात आणि तेथे ते उरकले होते.

सुट्यांच्या यादीत सोंगणी नाही

दिवाळी सार्वजनिक सुट्यांच्या यादीत आहे. सोयाबीनची सोंगणी कोणत्याही यादीत नाही. म्हणून पहिलीचा परिणाम कायद्याने होतो आणि दुसरीचा होत नाही. वाशिम जिल्ह्यात सप्टेंबरअखेरपासून सोंगणी, मळणी आणि बाजारात माल नेणे हे सारे दिवाळीपूर्वी उरकण्याची धडपड असते. त्याच पैशांत दिवाळीही करायची आणि हरभऱ्याचे बियाणेही आणायचे असते. मजूर मिळण्याची मारामार असताना ऑक्टोबरच्या मध्यावर मतदान आले की एक दिवसाची मजुरी आणि एक दिवसाचे मत यांत निवड करावी लागते. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सोयाबीन उरकलेले असते, पण कापसाची वेचणी आणि गव्हाची पेरणी चालू असते. त्या दृष्टीने २० नोव्हेंबर ही तारीख शेतात राबणाऱ्यास तुलनेने सोयीची, तर बाहेरगावी राबणाऱ्यास गैरसोयीची ठरली. राज्यात २०१९ मध्ये सुमारे ६१ टक्के, तर २०२४ मध्ये सुमारे ६६ टक्के मतदान झाले. ही वाढ तारखेमुळेच झाली, असे मात्र म्हणता येणार नाही.

हंगामाचा परिणाम प्रचारावरही होतो. २०२४ च्या प्रचारात सोयाबीनचा हमीभाव ४ हजार ८९२ रुपये असताना बाजारातील भाव त्याखाली असणे हा मोठा मुद्दा ठरला आणि मतदानाला पाच दिवस उरले असताना केंद्राने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्क्यांवर नेण्यास परवानगी दिली. हीच निवडणूक फेब्रुवारीत झाली असती, तर बहुतेकांचा माल विकून झालेला असता.

उन्हाळ्याचा पर्याय?

पाऊस टाळायचा तर निवडणूक लोकसभेबरोबर उन्हाळ्यात घ्यावी, असे सुचविले जाते. एकत्रित निवडणुकांचे घटनादुरुस्ती विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत मांडण्यात आले आणि ते संयुक्त समितीकडे सोपविण्यात आले. ते प्रत्यक्षात आल्यास विधानसभेचे मतदानही एप्रिल-मेच्या उन्हात जाईल. विदर्भाला या दिवसांची ओळख करून देण्याची गरज नाही. २०२४ मध्ये उत्तर भारतात अखेरच्या टप्प्यात उष्म्याने मतदान कर्मचारी दगावले. एवढ्या उन्हात निवडणूक न घेता ती महिनाभर आधी संपवायला हवी होती, अशी कबुली राजीव कुमार यांनीही जूनमध्ये दिली.

दुसरा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या संदर्भात मे २०२२ मध्ये सुचविला होता. या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. पावसाळ्याची अडचण आयोगाने मांडल्यावर, जेथे पाऊस कमी तेथे आधी आणि कोकण-मुंबईसारख्या भागांत पावसाळ्यानंतर निवडणूक घेता येईल, असे न्यायालयाने म्हटले. त्यानुसार ९२ नगरपरिषदांसाठी १८ ऑगस्ट २०२२ ही मतदानाची तारीख जाहीरही झाली. पण इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या प्रश्नावर ती निवडणूकच पुढे गेली आणि हा प्रयोग राहून गेला. अखेर नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी राज्यात मतदान सुरू होण्यास २ डिसेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला.

२०२९ साठी

सध्याच्या विधानसभेची पहिली बैठक ७ डिसेंबर २०२४ रोजी झाली. मुदतीपूर्वी काही घडले नाही, तर ती ६ डिसेंबर २०२९ पर्यंत चालेल. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. म्हणजे आयोगापुढे पुन्हा हेच गणित येईल. मात्र या वेळी हाताशी दहा-एक दिवस अधिक असतील. दसरा होताच अधिसूचना काढून अर्ज मागे घेण्याची मुदत दिवाळीपूर्वी संपविली, तर भाऊबीजेनंतरच्या चार-सहा दिवसांत मतदान घेता येईल. तोवर सोयाबीन घरात आलेले असेल, रस्ते वाळलेले असतील आणि परतीचे तिकीट अनेकांनी अजून काढलेले नसेल. याउलट अर्ज भरण्याचे टप्पे दिवाळीच्या सुट्यांत सापडले, तर तारीख २०२४ प्रमाणे आपोआप पुढे ढकलली जाईल आणि गावातील कर्ती माणसे तोवर बाहेर पडलेली असतील.

आयोग तारीख ठरविण्यापूर्वी पक्षांना विचारतो, पोलीस व महसूल यंत्रणेला विचारतो, शाळांच्या परीक्षा पाहतो, हवामान आणि पंचांग पाहतो. त्याच टेबलावर प्रत्येक जिल्ह्याच्या पीकहंगामाचे आणि स्थलांतराचे एक पानी टिपण ठेवणे जिल्हाधिकाऱ्यांना अवघड नाही. ही माहिती कृषी व कामगार खात्यांना गोळा करता येईल. एवढे झाले, तर जऊळक्याच्या मतदाराला मत आणि मजुरी यांत निवड करण्याची पाळी येणार नाही.